सॅमनच्या ओढ्यावर मुलांना कामाला न्यायचंय, नुसती ट्रिप होऊ नये म्हणून काय करावं?

जास्वंद:

नमस्कार मंडळी, सिएटलच्या आजूबाजूला राहणारे इथे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतेय. मी एका मिडल स्कूलमध्ये सातवीला सायन्स शिकवते. शाळेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर एक छोटा ओढा आहे, पूर्वी त्यात भरपूर कोहो (सॅमनचीच एक जात) यायचे म्हणे, आता पावसाळी दिवसात एखाददुसरा दिसला तर दिसला. काठावर हिमालयन ब्लॅकबेरीचं असलं रान माजलंय की पाणी दिसतच नाही. सिटीच्या पार्कवाल्यांनी स्वतःहून सांगितलंय की मुलांना घेऊन या, हत्यारं, ग्लोव्ह्ज, रोपं सगळं आम्ही देतो.

प्रिन्सिपल खूश, पालकही बहुतेक खूश, मीच जरा साशंक आहे. अशा ट्रिपा मी पाहिल्यात, बसमधून उतरायचं, कुणीतरी भाषण देणार, मग प्रत्येकी एक रोप लावायचं, फोटो, ज्यूस, परत बसमध्ये. त्या रोपांचं पुढे काय झालं हे ना मुलांना माहीत ना आम्हाला. आणि एका पालकांनी मीटिंगमध्ये सरळ विचारलं, "हे शिक्षण आहे की सिटीला फुकटात मजूर मिळतायत?" राग आला खरा पण प्रश्न अगदीच चुकीचा आहे असंही वाटलं नाही.

तर विचारायचं हे की यातून मुलं खरंच सायन्स शिकतील असं काय करता येईल? वर्गात टँक ठेवून सॅमनची अंडी वाढवतात ते करावं का? आणि सातवीच्या मुलांना नक्की काय काय करू देतात, काय नाही? कुणी केलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

खडकमाळ:

मस्त धागा. मी बरीच वर्षं शनिवारी अशा कामांना जातो, शाळांचे ग्रुप येतात तेव्हा बहुतेक वेळा मीच एका कोपऱ्यात फावडं घेऊन उभा असतो, तेव्हा जे बघितलंय ते सांगतो.

ट्रिप आणि शिक्षण यातला फरक माझ्या मते एवढाच आहे की मुलं त्याच जागेवर परत येतात की नाही. एकदाच येणार असाल तर कितीही भारी प्लॅन करा, ती ट्रिपच. त्यामुळे पार्कवाल्यांकडून पहिल्यांदा हे मागून घ्या की काठाचा एक ठरावीक तुकडा तुमच्या शाळेचा, दरवर्षी तोच. मोठा नको, वर्गाला झेपेल एवढाच. मग सातवीची मुलं लावतील, पुढच्या वर्षीची सातवी ती मोजेल.

सप्टेंबर-ऑक्टोबरात ब्लॅकबेरी काढा. वरवर कापून काही होत नाही, जमिनीत मुळाचा गड्डा असतो तो खणून काढावा लागतो, नाहीतर वसंतात दुप्पट जोमाने येते. मुलांना हे काम प्रचंड आवडतं, कोण सगळ्यात मोठा गड्डा काढतो याची स्पर्धा लागते, काट्यांसाठी चामड्याचे ग्लोव्ह्ज आणि फुल बाह्या मात्र कंपल्सरी. नॉटवीड दिसलं तर मुलांना हात लावू देऊ नका, मुळाचा छोटा तुकडा राहिला तरी त्यातून नवीन झाड येतं आणि पाण्यात पडला तर खाली वाहत जाऊन तिकडे रुजतं, ते पार्कवाल्यांना करू द्या.

लागवड पाऊस सुरू झाल्यावर, नोव्हेंबर ते मार्च. इथला उन्हाळा कोरडा असतो त्यामुळे एप्रिल-मेमध्ये हौसेने लावलेली रोपं जुलैपर्यंत वाळतात, अर्थ डे ला लागवड करायचा शाळांचा हट्ट असतो तो म्हणून मला अजिबात पटत नाही. त्या दिवशी मल्च (लाकडाच्या चिप्सचा थर) टाका, तण काढा, पण लागवड नको.

मुलांना सगळ्यात जास्त मजा लाइव्ह स्टेकमध्ये येते. विलो, रेड-ओझियर डॉगवूड, कॉटनवूड यांच्या फांद्या हिवाळ्यात पानं गळालेली असताना कापायच्या, अंगठ्याएवढ्या जाड, आणि ओल्या काठात सरळ ठोकायच्या, अर्ध्याहून जास्त लांबी जमिनीत गेली पाहिजे आणि डोळे वरच्या बाजूला. बस, इतकंच. नुसती काठी ठोकली आणि एप्रिलमध्ये तिला पानं फुटली हे बघून ज्या मुलाला आश्चर्य वाटत नाही असं मूल मी अजून पाहिलेलं नाही. उलटी ठोकली तर काय होतं हाही प्रयोगच आहे, चार काठ्या मुद्दाम उलट्या ठोकू द्या.

मग खरं सायन्स. प्रत्येक रोपाला रंगीत टेप आणि नंबर. जात कोणती, सावली किती, पाण्यापासून अंतर किती, मल्च घातला की नाही. पुढच्या सप्टेंबरात कोण जगलं कोण मेलं ते मोजायचं. का मेलं यावर जी भांडणं होतात ना वर्गात, त्यात सगळं येतं, पाणी, ऊन, रीड कॅनरी ग्रासचं तण, उंदीर, बीव्हर (झाडं कुरतडून ओढ्यात बांध घालणारा प्राणी). बीव्हरने तुमचे विलो खाल्ले तर मुलं चिडतील, तेव्हा त्यांना सांगा की बीव्हरच्या बांधामागच्या संथ पाण्यातच कोहोची पिल्लं हिवाळा काढतात, आता ठरवा बीव्हर चांगला की वाईट. माझ्यासमोर एका वर्गाचे यावरून सरळ दोन तट पडले होते.

फुकट मजुरीबद्दल: मुलांना का ते न सांगता काम करवून घेतलं तर ते पालक बरोबर आहेत.

टवाळ_बगळा:

खडकमाळ यांना +१. टँकबद्दल माझं मत वेगळं आहे, झोडपून काढा हवं तर.

टँक म्हणजे गोंडस प्रकार आहे. हॅचरीतून (मत्स्यबीज केंद्रातून) अंडी आणायची, चिलर लावलेल्या म्हणजे पाणी थंड ठेवणाऱ्या टाकीत वाढवायची, पिल्लांना नावं ठेवायची, मग वसंतात ओढ्यात सोडून टाटा करायचा. मुलं घरी येऊन सांगतात आम्ही सॅमन वाचवले. कोहोची एक मादी साधारण अडीच-तीन हजार अंडी घालते आणि त्यातले जेमतेम दोन-चार मोठे होऊन परत येतात, त्यात तुमच्या शंभर-दोनशे पिल्लांनी काय फरक पडणार? प्रश्न अंडी कमी असण्याचा नाहीच, ती वाढतील अशी जागा उरली नाही हा आहे. या वॉशिंग्टन राज्यात शंभर वर्षांहून जास्त काळ हॅचऱ्या चालू आहेत आणि तरीही प्युजेट साउंडचा (सिएटलजवळची खाडी) चिनूक, ही सॅमनची दुसरी जात, १९९९ पासून फेडरल सरकारच्या थ्रेटन्ड म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. मुलांना नकळत हेच शिकवलं जातं की मासे कमी झाले तर कारखान्यात बनवा. टँकचे पैसे रोपांवर घाला.

अबोली२२:

बगळेराव, अर्धं पटलं अर्धं नाही. मी दोन्ही मुलांच्या शाळेत टँक सांभाळायला मदत केली आहे म्हणून बोलते. टँकने मासे वाढत नाहीत हे खरंच, आणि चांगले शिक्षक ते मुलांना पहिल्याच दिवशी सांगतात. पण ओढ्यात जे खडीखाली अंधारात चालू असतं ते दुसरं कुठे दिसणार? अंड्यात दोन काळे डोळे दिसतात, मग पोटाला केशरी पिशवी लटकवून आडवी पडलेली पिल्लं, मग एक दिवस ती वर येऊन पोहायला लागतात. ज्याने हे पाहिलंय त्याला खडीत गाळ साचला तर काय होतं हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि गणित केवढं आहे त्यात! अंडं किती दिवसांनी फुटणार हे पाण्याच्या तापमानावर ठरतं, त्यामुळे रोजचं तापमान सेल्सिअसमध्ये मोजून बेरीज करत जायची. कोहोची अंडी साधारण ४०० ते ५०० च्या दरम्यान फुटतात, म्हणजे पाणी १० अंशावर असेल तर ४०-५० दिवस, आणि ५ अंशावर असेल तर जवळजवळ दुप्पट. हॅचरीवाले अंडी देताना तोपर्यंतची बेरीज सांगतात, पुढचं मुलांनी करायचं आणि फळ्यावर तारीख लिहायची. मुलांची पैज लागते अक्षरशः. हवामान गरम झालं तर पिल्लं खडीतून लवकर बाहेर येतील आणि तेव्हा खायला किडे तयार नसतील तर, हा प्रश्न एका मुलीने आपणहून विचारला होता, कुठल्या पुस्तकात न वाचता.

जास्वंदताई, प्रॅक्टिकल गोष्टी. टँकसाठी राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याचं परमिट लागतं, अंडी जानेवारीच्या आसपास मिळतात, आणि पिल्लं कुठल्या पाण्यात सोडायची ते परमिटवरच लिहिलेलं असतं, आपल्याला सोयीचा ओढा चालत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढावं लागतं. चिलर ही सगळ्यात महाग आणि सगळ्यात रुसणारी वस्तू, शनिवार-रविवारी शाळेत कोण येऊन बघणार ते आधी ठरवा. टाकीला बाहेरून फोमचे तुकडे लावून अंधार करा.

पण एक. टँक किंवा ओढा यातलं एकच जमणार असेल तर ओढाच घ्या, तिथे मी बगळ्यांच्या बाजूने.

टवाळ_बगळा:

तापमानाच्या बेरजेचं मला माहीत नव्हतं, भारी आहे. बाकी मत कायम :)

नळदुरुस्ती:

मी स्टॉर्मवॉटरमध्ये (पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचं खातं) काम करतो, त्यामुळे मला सगळीकडे गटारच दिसतं, समजून घ्या.

जास्वंद, तुमच्या ओढ्यात कोहो "एखाददुसरा" दिसतो म्हणालात, मग तुमच्या मुलांना हे कळायलाच हवं. सिएटलच्या शहरी ओढ्यांमध्ये पहिल्या जोरदार पावसानंतर समुद्रातून परत आलेले कोहो अंडी घालण्याआधीच मरायचे. धडधाकट मासा, पोटात अंडी तशीच, आणि पाण्याच्या वर तोंड काढून गोल गोल फिरत काही तासात खलास. वेस्ट सिएटलच्या लाँगफेलो क्रीकमध्ये हे वर्षानुवर्षं पाहिलं गेलं. काठावर झाडं लावली, खडी टाकली, मासे आले, आणि तरी मेले. रस्त्यावरून वाहून येणाऱ्या पाण्यात काहीतरी आहे एवढं कळत होतं, नक्की काय ते शोधायला कैक वर्षं गेली. २०२० च्या डिसेंबरमध्ये टकोमा आणि पुयालपच्या संशोधकांनी जाहीर केलं की गाडीच्या टायरमध्ये रबर टिकावं म्हणून ६पीपीडी नावाचं केमिकल घालतात, त्याची ओझोनशी रिअ‍ॅक्शन होऊन ६पीपीडी-क्विनोन बनतं, आणि ते अगदी थोडं असलं तरी कोहो मरतो. गंमत म्हणजे त्याच पाण्यात चम या सॅमनच्या दुसऱ्या जातीला विशेष काही होत नाही.

आता यातली आशेची बाजू. हेच रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून घेतलं तर कोहो जगतात. सुक्वामिश या इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या हॅचरीत हा प्रयोग झाला होता, न गाळलेल्या पाण्यातले सगळे मेले, गाळलेल्यातले सगळे जगले. आणि हे मुलांना स्वतःला करता येतं! शाळेच्या पार्किंग लॉटचं पाणी कुठे जातं ते पावसात छत्री घेऊन शोधायचं, नकाशा काढायचा, आणि शक्य असेल तर शाळेच्याच आवारात रेन गार्डन (पावसाचं पाणी मुरवणारा, झाडं लावलेला खोलगट वाफा) करायचं. ओढ्यात पायही न घालता केलेलं हे काम तुमच्या ओढ्यातल्या कोहोसाठी झाडं लावण्याइतकंच महत्त्वाचं आहे, कदाचित जास्त. वर्गात बाटल्या कापून, वाळू-कंपोस्ट भरून, घाण पाणी ओतून खालून काय येतं ते बघा, एका तासात होतं. बाटलीतून पाणी स्वच्छ आलं म्हणजे केमिकल गेलंच असं डोळ्यांनी ठरवता येत नाही, हे मात्र सांगा, त्यावरही चांगली चर्चा होते.

खडकमाळ:

नळदुरुस्ती, जबरी प्रतिसाद. आमच्या साइटवर पोरं हमखास विचारतात की एवढी झाडं लावली तर मासे कधी येणार, आता उत्तर देताना दोनदा विचार करावा लागेल.

सीताफळ:

वर सगळं वाचलं, माणसांबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही म्हणून लिहिते. मुलांना ओढ्यावर नेताना त्या ओढ्यावर आधीपासून कोण मासे पकडत होतं हे न सांगता नेलं तर गोष्ट अर्धीच राहते. आणि ती गोष्ट सातवीच्या मुलांना झाडांपेक्षा जास्त खिळवून ठेवते असा माझा अनुभव आहे (मी सोशल स्टडीजवाली, माझा पक्षपात गृहीत धरा).

१८५० च्या दशकात इथल्या मूळ रहिवासी जमातींनी अमेरिकन सरकारशी करार करून जमिनी दिल्या पण नेहमीच्या जागी मासे पकडायचा हक्क स्वतःकडे ठेवला. पुढे राज्य सरकार त्यांनाच मासे पकडले म्हणून अटक करायला लागलं. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर यांना पहिल्यांदा अटक झाली तेव्हा ते १४ वर्षांचे होते, म्हणजे तुमच्या विद्यार्थ्यांपेक्षा जेमतेम मोठे, आणि आयुष्यात पन्नासहून जास्त वेळा अटक झाली. १९७४ मध्ये फेडरल कोर्टाचे जज बोल्ट यांनी निकाल दिला की पकडता येण्यासारख्या माशांपैकी निम्म्यांवर जमातींचा हक्क आहे. मग प्रश्न आला की मासेच उरले नाहीत तर निम्मे कशाचे? त्यातून रस्त्याखालच्या मोऱ्यांची केस उभी राहिली. मोरीचं तोंड पाण्यापासून उंच लटकत असेल किंवा आत पाण्याला फार जोर असेल तर मासा वर जाऊच शकत नाही, आणि वर मैलोन् मैल चांगला ओढा रिकामा पडून राहतो. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टात ४-४ अशी बरोबरी झाली, त्यामुळे खालच्या कोर्टाचा निकाल टिकला, आणि राज्याला हायवेखालच्या शेकडो मोऱ्या दुरुस्त करणं भाग पडलं.

तुमच्या ओढ्यावर खाली जाऊन मोऱ्या बघा. मुलांना टेप आणि काठी द्या, तोंड पाण्यापासून किती उंच, रुंदी किती, ओढ्याची रुंदी किती. मासा म्हणून तू यातून जाशील का, विचारा. यात पाण्यात उतरावं लागत नाही, रहदारीच्या रस्त्यापासून फक्त लांब उभं करा.

अजून एक आवडती गोष्ट. काही दशकांपूर्वी सरकारी खात्यांनीच ओढ्यांमधले पडलेले ओंडके उपसून काढले, का तर माशांची वाट अडते म्हणून. नंतर कळलं की ओंडक्यांमुळेच डोह बनतात, खडी अडकते, पिल्लांना लपायला जागा मिळते. आता तेच ओंडके भरपूर खर्च करून, क्रेनने, कधीकधी हेलिकॉप्टरने परत टाकतात. तज्ज्ञसुद्धा मन लावून चुकीचं काम करू शकतात हे मुलांना फार आवडतं, शिक्षकांना कमी आवडतं.

जमातीच्या नॅचरल रिसोर्सेस विभागात शिक्षणाचं काम बघणारं कुणी असेल तर वेळेत ईमेल करून विचारा, आयत्या वेळी पाहुणे म्हणून बोलावू नका. आमच्याकडे एकदा तसं झालं होतं, कार्यक्रमाच्या चार दिवस आधी फोन, वर अपेक्षा की त्यांनी येऊन गोष्ट सांगावी आणि गाणं म्हणावं. ते आले नाहीत, बरंच झालं.

जास्वंद:

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. प्रिंट काढून प्रिन्सिपलना देणार आहे (बगळ्यांचा प्रतिसादसुद्धा).

आत्तापर्यंत जे डोक्यात बसलंय ते असं, यंदा टँक नाही. पार्कवाल्यांकडे एक पक्का तुकडा मागणार, ऑक्टोबरात ब्लॅकबेरी, जानेवारीत काठ्या, मेमध्ये पहिली मोजणी आणि सप्टेंबरात पुढच्या वर्गाकडून दुसरी. मधल्या पावसाळ्यात पार्किंग लॉटचं पाणी. मोऱ्या सोशल स्टडीजच्या सरांबरोबर वाटून घेता येतील, ते तयार होतील असं वाटतंय. मजुरीवाल्या पालकांनाच मोजणीच्या दिवशी व्हॉलंटियर म्हणून बोलावलंय आणि ते हो म्हणालेत :)

एकच शंका राहिली, मुलांना पाण्यात उतरू द्यायचं का? सगळ्यांना गमबूट घालून आत जायचंय, आणि मला पाण्यातले किडेही दाखवायचेत.

खडकमाळ:

शरद ऋतूपासून वसंतापर्यंत नको. मादी शेपटीने खडी खणून अंडी पुरते, ती जागा आजूबाजूच्यापेक्षा फिक्या, स्वच्छ खडीची दिसते, पण सवय नसलेल्याला ओळखू येत नाही आणि एका बुटाखाली किती अंडी चिरडली ते कळतही नाही. ओंडके टाकणं, खडी हलवणं, बांध घालणं हे तर कधीच नाही, पाण्यातल्या कामाला राज्याची वेगळी परवानगी लागते आणि ती साधारण उन्हाळ्यातल्या ठरलेल्या आठवड्यांचीच असते. पोरं दगड रचून छोटे बांध घालतातच, लक्ष ठेवा.

किड्यांसाठी पाण्यात जायची गरज नाही. जाळीच्या पिशवीत वाळलेली पानं भरून पार्कवाल्यांना विचारून काठाजवळ दोरीने बांधून ठेवा, तीन-चार आठवड्यांनी पांढऱ्या ट्रेमध्ये उघडा. स्टोनफ्लाय, मेफ्लाय, कॅडिसफ्लायची पिल्लं भरपूर मिळाली तर पाणी बरं आहे, नुसत्या अळ्या आणि गांडुळासारखे किडे मिळाले तर नाही. बघून झालं की परत पाण्यात. त्याच जागी तापमान मोजा, राज्याच्या नियमात सॅमनच्या उन्हाळी वस्तीच्या मुख्य ओढ्यांसाठी १६ अंशांची मर्यादा आहे, ऑगस्टमध्ये तुमचा ओढा कुठे जातो ते बघा म्हणजे सावलीचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

अबोली२२:

आणि नोव्हेंबरमध्ये जमलं तर एकदा सिएटलमधल्या कार्कीक पार्कला पायपर्स क्रीकवर घेऊन जा, चम सॅमन अगदी पायवाटेवरून दिसतात, किंवा त्याआधी सप्टेंबर-ऑक्टोबरात इसाक्वाच्या हॅचरीला. मेलेल्या माशांचा वास येतो, मुलं नाक धरतात, त्यांना सांगा की ही घाण नाही, याच माशांतला नायट्रोजन पुढे काठावरच्या झाडांत सापडतो. कुणी कुत्रा आणणार असेल तर पट्टा घट्ट धरायला सांगा, कच्चा सॅमन खाऊन कुत्री गंभीर आजारी पडतात, उपचार झाले नाहीत तर मरतातही.

टवाळ_बगळा:

जास्वंद, पहिल्या मोजणीचे आकडे इथे टाका. किती जगली, किती मेली, दोन्ही.

जास्वंद:

टाकते. उलट्या ठोकलेल्या काठ्यांचा कॉलम वेगळा ठेवीन.